थ्रॉटल सेन्सर बदलूनही इंजिन लाइट परत लागते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगल सिलिंडरची फ्युएल इंजेक्शन दुचाकी, चार वर्षं जुनी. गरम झाली की सिग्नलला आयडलिंग वर-खाली होतं, मग गाडी बंद पडते. दहा-एक मिनिटं थांबलं की काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. स्कॅनरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय हे सांगणाऱ्या सेन्सरचा, कोड आला म्हणून तो बदलला. तिसऱ्या दिवशी लाइट परत लागली. आता गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू म्हणताहेत, आणि तुम्ही विचारताय की नेमका कोणता सेन्सर गेलाय हे घरच्या घरी कळेल का.

कळेल. पण आधी ऑक्सिजन सेन्सरची खरेदी थांबवा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत त्याच्याकडे बोट दाखवणारं ठोस काही नाही, आणि एक भाग बदलून तोच त्रास राहिल्यावर दुसरा बदलायला घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, थ्रॉटल दिसत नाही, सेन्सरही दिसत नाही. आपल्या एका पिनवर किती व्होल्ट आलेत एवढंच त्याला कळतं. ते व्होल्ट ठरलेल्या हद्दीबाहेर गेले की तो कोड लिहून ठेवतो, आणि कोडला नाव मात्र त्या पिनच्या टोकाला जो भाग जोडलेला असायला हवा त्याचं देतो. मधली मीटरभर वायर, दोन कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग), पाच-सहा पिना, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट, यातलं काहीही बिघडलं तरी नाव सेन्सरचंच लागतं. माझ्याकडे 'सेन्सर गेलाय' म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत सेन्सर धडधाकट निघतो आणि चोर वाटेत कुठेतरी सापडतो.

म्हणून पहिला प्रश्न: पूर्ण कोड काय होता? नुसतं 'थ्रॉटल सेन्सर' हे उत्तर पुरत नाही. ओबीडी, म्हणजे ईसीयूचे कोड वाचायच्या प्रमाण पद्धतीच्या स्कॅनरवर पी ०१२२ म्हणजे थ्रॉटलचा सिग्नल फार कमी, आणि पी ०१२३ म्हणजे फार जास्त. दोघांचा रस्ता वेगळा. या सेन्सरला तीन वायरी असतात: ईसीयूकडून येणारे ५ व्होल्ट, सेन्सरची अर्थ (अर्थिंगची वायर), आणि परत जाणारा सिग्नल. ५ व्होल्टची वायर तुटली तर सिग्नल शून्याकडे पडतो, म्हणजे 'कमी'चा कोड. अर्थ तुटली तर सिग्नल ५ कडे चढतो, म्हणजे 'जास्त'चा कोड. हाताला काळं लागायच्या आधीच निम्मा शोध संपला.

स्कॅनर नसलेल्या जुन्या गाड्यांत लाइट लुकलुकून कोड सांगते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटा म्हणजे एक. आठ छोटे आले तर थ्रॉटल, सात आले तर इंजिनचं तापमान, एकच आला तर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), दोन लांब आणि एक छोटा म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर. यामाहात थ्रॉटलसाठी दोन वेगळे आकडे आहेत: १५ म्हणजे वायर तुटलेली किंवा शॉर्ट, १६ म्हणजे सेन्सर अडकलेला. १५ वाचूनही लोक सरळ सेन्सर बदलतात, हे बघून हसावं की रडावं कळत नाही. कारखान्याने वायरीकडे बघा असं स्वच्छ सांगितलेलं असतं.

आणि कोड पुसायची घाई करू नका. नव्या गाड्यांत कोड पडला त्या क्षणीचे आकडेही साठवलेले असतात, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, थ्रॉटल किती उघडा होता. पुसलं की हे सगळं गेलं. आधी फोटो काढा.

आता बॅटरी. कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.५ ते १० च्या खाली नाही, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.८. त्यानंतर मल्टिमीटर एसीवर टाकून इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करून बॅटरी चार्ज करणारा भाग, संशयित. अशा गाडीवर आज एक कोड, उद्या दुसरा, परवा कुठलाच नाही, असा खेळ चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम आले, तर सेन्सरांकडे बघायच्या आधी बॅटरीचे बोल्ट आणि मुख्य अर्थ साफ करून घट्ट करा.

बॅटरी ठीक निघाली की थ्रॉटल सेन्सरकडे. मीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हला. कपलर काढायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. मागच्या बाजूने, वायर जिथे रबराच्या सीलमधून आत जाते तिथून, शिवणकामाची बारीक टाचणी हळूच सरकवून पिनपर्यंत पोचायचं. वायरचं प्लास्टिक टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी आत हिरवी भुकटी होते. टेस्ट लॅम्प तर ईसीयूच्या वायरींना अजिबात लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो.

चावी ऑन, इंजिन बंद. एका वायरवर ५ व्होल्टच्या जवळपास मिळायला हवेत. अर्थच्या वायरवर जवळजवळ शून्य. ५० मिलिव्होल्टपर्यंत चालतं, १०० च्या वर दिसले तर अर्थ कुठेतरी कमजोर आहे. सिग्नलवर थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते ०.७ आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण या पट्ट्याच्या फार बाहेर कुणी जात नाही.

मग थ्रॉटल अगदी सावकाश उघडा, पाच-सहा सेकंद घेऊन. आकडा अडखळल्याशिवाय चढला पाहिजे. डिजिटल मीटर इथे थोडा फसवतो, कारण क्षणभराची बुडी त्याला दिसतच नाही. काट्याचा जुना मीटर असेल तर तो काढा, काटा जिथे थरथरेल तिथे दोष. किंवा ब्लूटूथचा स्कॅनर लावून मोबाइलवर आलेख बघा. झिजलेला सेन्सर बहुतेक वेळा सुरुवातीच्या थोड्या उघडझापीत अडखळतो, कारण रोजची सगळी वाहतूक त्याच जागेवर चालते आणि आतला कार्बनचा पट्टा तिथेच घासला जातो. पूर्ण थ्रॉटलची जागा मात्र कोरी करकरीत असते. काही नव्या गाड्यांत घासणारा पट्टाच नसतो, चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. त्याचा रोध मोजून काही कळत नाही, व्होल्टेजच बघायचं.

तुमचा सेन्सर नवीन आहे, तेव्हा तो इथे बहुधा पास होईल. खरी परीक्षा पुढे आहे. टाचण्या तशाच ठेवा, सिग्नलच्या आकड्यावर नजर, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. स्टिअरिंगच्या मानेजवळचा वायरींचा जुडगा दाबा, पिळा. टाकीखाली जिथे जुडगा फ्रेमला टेकतो तिथे हलवा. कपलरमधली एकेक वायर हलकेच ओढा. आकड्याने उडी मारली की सापडलं. तुमचा त्रास गरम झाल्यावरच होतो, म्हणून थंड गाडीवर काही मिळालं नाही तर कपलरवर दोन मिनिटं हेअर ड्रायर धरून हेच सगळं पुन्हा करा. हीट गन नको, प्लास्टिक वितळेल.

तुमच्यासारखीच एक गाडी माझ्याकडे आली होती. दोन थ्रॉटल सेन्सर बदलून झाले होते, दुसऱ्या वेळी तर अख्खी थ्रॉटल बॉडी. उभ्या गाडीवर सगळे आकडे मॅन्युअलप्रमाणे. हँडल फिरवूनही काही नाही. मी दीड तास कपलरशी खेळत बसलो होतो, आणि शेवटी वैतागून सिग्नलची वायर दोन बोटांत धरून कपलरपासून मागे सरकत गेलो. थोडं अंतर गेल्यावर एका जागी वायर रबरासारखी ताणली गेली. वरचं प्लास्टिक अखंड होतं, ओरखडाही नव्हता, पण तांब्याची वायर ताणली जात नाही. कापून बघितलं तर आत तांबं काळं पडून तुटलेलं, दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. इंजिन तापलं की प्लास्टिक मऊ पडायचं, इंजिनच्या थरथरीने टोकं क्षणभर सुटायची, कोड पडायचा. थंड झालं की पुन्हा गळ्यात गळा. तेव्हापासून मी संशयित वायर आधी बोटांनी ओढून बघतो, मीटर नंतर.

दुसरी एक गोष्ट, जी सांगायला आमच्या धंद्यातल्या माणसाला जरा लाज वाटते. बऱ्याचदा दोष आम्हीच घालतो. कपलर काढून मीटरची जाडी काडी समोरून मादी पिनेत खुपसली की तिची पकड ढिली होते. तपासणी झाली, कपलर लावला, गाडी चालली, आणि आठवड्याने धक्क्यात पिन सुटायला लागली. तुमच्या गाडीत सेन्सर बदलल्यावर तिसऱ्याच दिवशी लाइट आली, म्हणून मी हाही संशय धरेन. तपासायला त्याच मापाची एक सुटी नर पिन घ्यायची आणि प्रत्येक मादी पिनेत घालून काढायची. काढताना हलकी ओढ जाणवली पाहिजे. एखादीत पिन लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली तर ती पिन बाहेर काढून चिमट्याने आवळायची किंवा बदलायची.

बऱ्याच छोट्या गाड्यांत थ्रॉटल, हवेचा दाब आणि हवेचं तापमान हे तिन्ही सेन्सर थ्रॉटल बॉडीवर एकाच डबीत असतात आणि त्यांची अर्थ एकच असते. ती एक अर्थ खराब झाली की तिघेही थोडं थोडं खोटं बोलतात, आणि त्यातला जो हद्दीबाहेर आधी जातो त्याच्या नावाने कोड पडतो. ५ व्होल्टचंही तसंच. ती लाइन अनेकदा दोन-तीन सेन्सरांत वाटलेली असते. मागे एका गाडीवर थ्रॉटल आणि मॅप दोघांचेही 'सिग्नल कमी' कोड होते. थ्रॉटलच्या कपलरवर ५ च्या जागी जेमतेम १.२ व्होल्ट. थ्रॉटल सेन्सर काढला, १.२ च. मॅप काढला, तरी १.२. मग गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर काढला, आणि मीटरवर टकन ५ व्होल्ट आले. त्यात पाणी गेलं होतं. त्याच्या स्वतःच्या नावाचा कोड नव्हताच. असे दोन-तीन कोड एकत्र दिसले तर एकेक कपलर काढत ५ व्होल्ट कधी परत येतात ते बघत जा. काढताना-लावताना दर वेळी चावी ऑफ.

इथवर गोष्टी सोप्या होत्या, कारण हद्दीबाहेर गेलेला सेन्सर कोड तरी टाकतो. खरी डोकेदुखी हद्दीत राहून खोटं बोलणाऱ्याची. लाइट लागत नाही, स्कॅनर म्हणतो सगळं ठीक, आणि गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो, गरम असताना आयडलिंग धरत नाही.

इंजिनच्या तापमानाचा सेन्सर यात पटाईत. तो दोन वायरींचा साधा थर्मिस्टर असतो: तापमान वाढलं की रोध कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारात २० अंशांना साधारण २,५०० ओम, ५० अंशांना ८३० च्या आसपास आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या जवळ. आता समजा कपलरच्या पिनेवर गंज चढून ५०० ओमचा फुकटचा रोध तयार झाला. थंड इंजिनवर २,५०० चे ३,००० झाले. ईसीयूला वाटलं १५-१६ अंश आहेत. काही बिघडत नाही, गाडी मजेत सुरू होते. पण इंजिन ८० ला पोचलं की सव्वातीनशेचे सव्वाआठशे होतात, आणि ईसीयू समजतो की इंजिन अजून पन्नाशीतच आहे. मग तो थंड इंजिनला देतात तसं जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. एकच गंज, सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी गाडी बंद पाडणारा. ३० अंशांची ही थाप कुठल्याही कोडच्या हद्दीत सहज बसते. 'गरम झाल्यावरच त्रास' हे वाक्य ऐकलं की मी या कपलरकडे नक्की बघतो, कोड कुणाच्याही नावाचा असो.

हा खोटेपणा पकडायला महाग यंत्र लागत नाही, रात्र लागते. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता चावी ऑन करून लाइव्ह डेटात, म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या चालू आकड्यांत, इंजिनचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि बाहेरच्या तापमानाशी जुळायला हवेत. तीन-चार अंशांचा फरक सोडून द्या. एक २४ आणि दुसरा ११ दाखवत असेल तर त्यातला एक लबाड आहे, आणि कोण ते भिंतीवरचा थर्मामीटर सांगेल. पण गंजाची थाप थंडपणी छोटी असते, म्हणून ही सकाळची तपासणी पास झाली तरी सोडू नका. इंजिन पूर्ण तापल्यावर सेन्सरच्या जागेवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून लाइव्ह डेटाशी ताडून बघा.

आकडा चुकतोय हे कळलं की दोष सेन्सरमध्ये की वायरीत हे ठरवायला एक जुनी युक्ती आहे. तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढा. लाइव्ह डेटा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे, कारण तुटलेली वायर ईसीयूला अतोनात थंडी वाटते. मग कपलरमधल्या वायरींच्या बाजूच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकांना जोडा. आता आकडा १२० च्या वर उडाला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरी ईसीयूपर्यंत ठीक आहेत, संशय सेन्सरवर आणि त्याच्या पिनांवर. काही ईसीयू दोष दिसताच खरा आकडा दडवून स्वतःचा ठरावीक आकडा दाखवतात, तेव्हा काढल्याबरोबर लगेच बघा. हा प्रयोग दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरताच. तीन वायरींच्या सेन्सरच्या पिना अशा जोडायच्या नाहीत.

मॅप सेन्सरसाठी तर निसर्गानेच माप देऊन ठेवलंय. इंजिन बंद असताना त्याने बाहेरचाच हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. तुमच्या गावाची उंची माहीत असली की झालं. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा ठळकपणे खाली यायला हवा. सिंगल सिलिंडरमध्ये तो थोडा नाचतो, घाबरू नका. खाली येतच नसेल तर मॅपला दोष द्यायच्या आधी थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला चीर आहे का बघा, सेन्सर वेगळा बसवलेला असेल तर त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी बघा, आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे त्यांची फट, तपासा. व्हॉल्व्ह घट्ट झाले की आत पुरेशी ओढ तयारच होत नाही. मॅप सेन्सर बिचारा ते प्रामाणिकपणे सांगतो, ईसीयू त्यावर जास्त पेट्रोल देतो, आणि लोक खरं बोलणाऱ्यालाच काढून टाकतात.

इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा क्रँक सेन्सर, ज्याला आपण पल्सर कॉइल किंवा पिकअप म्हणतो, त्याची कथा थोडक्यात. त्याची आतली बारीक तार गरम झाल्यावर तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणून 'दहा मिनिटांनी सुरू होते' ऐकलं की अनेकांना तोच आठवतो. पण तो गेला की गाडी बटण दाबल्यासारखी बंद होते, आधी लटपटत नाही, कारण ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबतात. खात्री करायची तर बंद पडल्या पडल्या सेल्फ मारत लाइव्ह डेटात आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर पल्सर किंवा त्याची वायर. दोन वायरींच्या पल्सरचा रोध बऱ्याच गाड्यांत शंभर ते काहीशे ओम असतो. तो गरम असतानाच मोजा, गार झाल्यावर मोजून उपयोग नाही. एक आडवळणाची गोष्ट: रेझिस्टर नसलेला स्पार्क प्लग टाकला तर त्याच्या ठिणगीचा गोंगाट पल्सरच्या सिग्नलमध्ये घुसू शकतो. प्लगच्या नंबरात आर हे अक्षर आहे का बघून घ्या.

तुमची गाडी आधी आयडलिंगला लटपटते आणि मग बंद पडते, म्हणून पल्सर माझ्या यादीत खाली आहे.

आता ज्या ऑक्सिजन सेन्सरवर गॅरेजवाल्यांचा डोळा आहे त्याच्याबद्दल. साधा, म्हणजे नॅरोबँड सेन्सर सायलेन्सरच्या नळीत ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलतच नाही. त्यानंतर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खाली-वर करतो: ०.४५ च्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे हवा जास्त. काही छोट्या गाड्यांत व्होल्टेज तयार करण्याऐवजी रोध बदलणारा दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला हे आकडे लागू होत नाहीत. तपासायला इंजिन चांगलं तापवून थ्रॉटल झटक्यात उघडा, आकडा ०.८ च्या वर जायला हवा. चालत्या गाडीत थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोल बंद होतं, तेव्हा ०.१ कडे पडायला हवा. दोन्हीकडे चपळाईने जात असेल तर सेन्सर तरणाताठा आहे.

तो कायम 'हवा जास्त' दाखवत असेल तरी लगेच फासावर चढवू नका. सायलेन्सरचं गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिसिंग होत असेल, म्हणजे मधूनमधून पेट्रोल जळतच नसेल, तर न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, आणि सेन्सर त्यालाही हवा जास्तच म्हणणार. पेट्रोल किती वाया गेलं ते त्याला दिसत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. हीटर असलेल्या, म्हणजे चार वायरींच्या सेन्सरात हीटरचा रोध मोजायला हरकत नाही, तो साधारण काही ओम ते वीस ओमपर्यंत असतो. सिग्नलच्या वायरीवर मात्र ओम लावू नका. आणि गॅस्केटला सिलिकॉन फासायची सवय असेल तर ती सोडा. सिलिकॉनची वाफ या सेन्सरला विष आहे.

तुमच्यासाठी सोपा मार्ग: त्याचा कपलर काढून एक दिवस गाडी चालवा. लाइट लागेल, लागू दे. ईसीयू त्याला सोडून आपल्या ठरलेल्या आकड्यांवर गाडी चालवेल. गरम झाल्यावर तरीही तशीच लटपटली, तर ऑक्सिजन सेन्सर निर्दोष सुटला आणि तुमचे पैसे वाचले. वायर नळीला टेकून जळणार नाही अशी बांधून ठेवा.

सेन्सरांच्या नावावर खपणारे दोष आणखीही आहेत. पेट्रोलचा दाब कमी पडणं हा मोठा. बऱ्याच गाड्यांत तो २५० ते ३०० किलोपास्कलच्या आसपास लागतो, आणि पंप गरम झाल्यावर दमला की सगळी लक्षणं सेन्सरसारखीच दिसतात. थ्रॉटल बॉडीत साचलेला काळा थर आयडलिंगची हवा अडवतो. आणि एक मानवनिर्मित दोष: आयडलिंग नीट राहीना म्हणून कुणीतरी थ्रॉटल बॉडीचा स्टॉप स्क्रू फिरवतं. त्याने बंद थ्रॉटलचं व्होल्टेज बदलतं, आणि ईसीयूला थ्रॉटल बंद आहे हेच पटत नाही. त्या स्क्रूवरचा कारखान्याचा रंग तुटलेला दिसला तर मला लगेच सांगा, कारण मग आपण वेगळ्याच दुखण्याच्या मागे आहोत.

तुमच्या गाडीवर मी याच क्रमाने जाईन: कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो. बॅटरीची चारही मापं. थ्रॉटल सेन्सरच्या तिन्ही वायरींवर व्होल्टेज, मग हलवणं, ओढणं, गरम करणं. त्यानंतर इंजिनच्या तापमानाच्या कपलरची सफाई आणि रात्रभराची तपासणी. नवा सेन्सर बसवल्यावर तुमच्या मॉडेलला बंद थ्रॉटलची नोंद पुन्हा करून द्यावी लागते का, हे मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांना लागते, काही आपणहून शिकतात. ते राहून गेलं असेल तर आयडलिंग वर-खाली होण्याचं ते एकटंच कारण पुरेसं आहे, पण त्याने हद्दीबाहेरचा कोड सहसा पडत नाही. म्हणून कोडचा आकडा आधी कळवा.

आणि जुना थ्रॉटल सेन्सर फेकला नसेल तर शोधा. तिसऱ्या दिवशी परत आलेला कोड तोच असेल, तर जुना सेन्सर बहुधा चांगलाच आहे. घासणाऱ्या पट्ट्याचा असेल तर बाजूच्या दोन पिनांवर ठरावीक रोध आणि मधल्या पिनेवर फिरवताना सलग बदलणारा रोध मिळाला की तो पिशवीत घालून ठेवा. पुढच्या वेळी गाडी रस्त्यात अडली, तर बदलून बघायला एक खात्रीचा भाग हाताशी असेल.